रपट्यावरचा राजीनामा

बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या, असं मला कुणी विचारलं तर मी कऱ्हाड म्हणत नाही, बुऱ्हाणपूर म्हणत नाही, पटकन मिलपुरा म्हणते. मग भाचेमंडळी मोबाइलवर नकाशा काढून बसतात. बसा म्हणावं. ते नाव मीच बदललंय, कारण तिथल्या काहींची नातवंडं अजून तिथंच राहतात आणि माझ्या लिहिण्याचा त्यांना ताप नको. खूणच हवी असेल तर एवढी सांगते : बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्याहून टेम्पोत बसायचं, केळीच्या बागा मागे टाकत कंबर ढिली होईपर्यंत गचके खायचे, आणि जिथं पोटात मळमळायला लागेल तिथं उतरायचं. मळमळ गचक्यांची नव्हे, वासाची. उसाची चिपाडं आणि गव्हाचं काड कॉस्टिक सोड्यात शिजवून आमच्या मिलमध्ये कागद व्हायचा, आणि त्या शिजण्याचा वास सगळ्या गावावर बसलेला असायचा. आम्हाला तो येत नसे. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघायचो, यांना झालंय काय?

आमचं घर म्हणजे मिलच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. अण्णा, म्हणजे माझे वडील, लगद्याच्या खात्यात फिटर. आई, मी आणि धाकटी नलू. भोंग्यावर घर चालायचं. सकाळच्या भोंग्याला अण्णांचा डबा बंद झालेला असायचा, दुपारच्या भोंग्याला आईची भाकरी तव्यावर असायची, आणि संध्याकाळचा भोंगा झाला की ती दारात येऊन उभी राहायची, हातात राख लागलेलं भांडं तसंच. त्या घराचं आईला कौतुक एकाच गोष्टीचं होतं : घरात नळ. कऱ्हाडकडच्या तिच्या माहेरी ती लहानपणापासून डोक्यावर हंडे वाहत आलेली. लग्न होऊन इथं आली आणि मोरीत नळ बघून म्हणे तिनं तो तीनदा सोडून बंद केला. माणूस देवाला हात लावतो तशी ती त्या तोटीला सकाळी हात लावायची. आम्ही हसायचो. आता माझ्या घरात चार नळ आहेत आणि एकालाही मी कधी हात जोडले नाहीत, पण गळायला लागला की प्लंबरच्या नावानं शंख करते, ते वेगळं.

कॉलनीत सगळी आमच्यासारखीच, सातारा, सांगली, नगरकडून आलेली. भोवतालची खेडी मात्र तापीकाठची, त्यांची बोली निराळी, आणि बाजारात हिंदी. आईची त्यात भारी गंमत व्हायची. दर रविवारी भागाबाई केळी घेऊन यायची, दापोऱ्याकडच्या लोटूभाऊंची बायको. ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. तिनंच आईला उडीद-ज्वारीच्या पिठाची, कळण्याची भाकरी शिकवली, आणि आईनं तिला आमच्याकडचा खर्डा. एका रविवारी ती टोपली न घेताच आली आणि दारातच म्हणाली, "वैनी, नाल्याले कायं पानी येऊ राहिलं."

"तेच विचारतीया मी," आई हसत म्हणाली, "काय पाणी? काय झालंय पाण्याला?"

"कायं वो माय, कायं! कायंकुट्ट!"

'ळ'चा 'य' करणाऱ्या त्या बोलीत 'काळं'चं 'कायं' होतं, हे आईच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरलं तेव्हा तिचं हसू थांबलं. कारण काळं पाणी आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चिपाडं शिजवल्यावर मागे उरणारं, डांबरासारखं पाणी. ते टाक्यांत साठवून निवळवायचं असं कागदावर होतं म्हणे. प्रत्यक्षात पाळी संपताना एक मोठं चाक फिरवायचं की ते सरळ नाल्यात. नाला तापीला मिळायचा, आणि त्याच्या काठानं सगळ्या बागांचे पंप.

भागाबाईनं पदरात गुंडाळून केळीचं एक पान आणलं होतं. कडा भाजल्यासारख्या, मधूनच पिवळं. तिनं ते अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. "भाऊ, ते चाक कोन फिरवते?" तिनं अगदी साधं विचारलं, टोमणा नव्हता. आपण त्याला जाऊन सांगू, एवढंच तिच्या मनात असावं. अण्णांच्या हातात चहाची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली आणि म्हणाले, "मीच." भागाबाई उठली, पान मात्र तिथंच राहिलं. आईनं ते उचलून फेकलं नाही, आणि अण्णांनी त्या दिवशी जेवताना मान वर केली नाही. नलूनंसुद्धा भाजीला नाक मुरडलं नाही, यावरून समजा.

पुढं काय झालं ते आज मोर्चे बघून वाढलेल्या मुलांना सांगितलं तर त्यांना फार किरकोळ वाटेल. झेंडा नाही, लाउडस्पीकर नाही. मिलच्या रस्त्यावर नाल्यावर एक रपटा होता, म्हणजे बुटका फरशी पूल. काडानं भरलेले ट्रक त्यावरूनच यायचे. एके सकाळी केळीवाले त्या रपट्यावर येऊन बसले. बाया, बाप्ये, म्हातारे. पाणी निवळवून सोडा, एवढंच म्हणणं. ट्रक थांबले. मिलवाल्यांनी सांगितलं, नाल्यात फक्त पावसाचं पाणी जातं. पावसाळा उलटून महिने झाले होते, पण सांगितलं. तेव्हा अण्णा उठले, इस्त्रीचा सदरा घातला, लोटूभाऊंबरोबर बुऱ्हाणपूरच्या कचेरीत गेले आणि लेखी तक्रारीवर त्यांच्या शेजारी सही करून आले : अमुक चाक, अमुक वेळ, रोज, आणि फिरवणारा मी. तिथून ते घरी आलेच नाहीत, सरळ रपट्यावर जाऊन बसले.

आई भडकली. भडकली म्हणजे काय, भांडी बोलायला लागली. "जबाब देऊन मोकळे झाले! माझा नळ गेला म्हंजे कळंल!" असं ती तव्याला सांगायची, पिठाला सांगायची, आणि सांगता सांगता तिच्या हातून एक भाकरी जास्तीची व्हायची. ती फडक्यात जायची आणि माझ्या सायकलला लागायची. मी अकरावीत होते. पहिल्या दिवशी मी एक भाकरी नेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या माने काकूंनी आपली एक त्यात सरकवली. आठवडाभरात क्वार्टरच्या लाइनीच्या लाइनी भाकऱ्या पाठवायला लागल्या. तव्यावरची शेवटची भाकरी रपट्याची. ज्या मिलचं आम्ही खात होतो, तिच्याच विरुद्ध बसलेल्यांना आम्ही जेवायला घालत होतो, आणि याला कुणी आंदोलन म्हटलं असतं तर कॉलनीतल्या बायका लाजून आत गेल्या असत्या. गेटवरचा दरवान विचारायचा, एवढ्या भाकऱ्या कुठं? गायीला, असं आम्ही सांगायचो. "कॉलनीत गायी लय झाल्या," असं म्हणून तो बापडा दुसरीकडे बघायचा. कॉलनीत एकही गाय नव्हती.

मग नोटीस लागली. रपट्यावर जो दिसेल त्याचं क्वार्टर खाली करून घेण्यात येईल. ती वाचली त्या दिवशी फडक्यातल्या भाकऱ्या कमी झाल्या, हे मी लपवणार नाही. लोक काही दगडाचे नव्हते. पण पार थांबल्याही नाहीत, आणि मला आजही आमच्या त्या एवढ्याशा गावाचा अभिमान वाटतो तो याच्यासाठी. भिऊन ज्यांनी पाठवणं बंद केलं त्यांच्यापेक्षा भीत भीत ज्यांनी चालू ठेवलं त्या जास्त होत्या.

असेच दिवस गेले आणि एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर रपट्याजवळ जीप उभी. तहसीलचे साहेब आलेले, घामानं चिंब, माणूस तसा वाईट नसावा. अण्णा आणि लोटूभाऊ त्यांच्यासमोर सतरंजीवर. मी गर्दीच्या मागे, सायकल धरून. मला एवढंच ऐकू आलं, "देखिए भाऊ, आप बाल-बच्चेदार आदमी हैं. राजीनामा दे दीजिए, बात यहीं ख़त्म." आणि अण्णा खाली मान घालून बसले होते.

डबा कुणाच्या हातात दिला आठवत नाही. सायकल अशी मारली की चढावरही उतरले नाही. दारातूनच ओरडले, "आई, अण्णांकडे राजीनामा मागतायत! साहेब आलाय!"

आई भांडी घासत होती. मला वाटलं रडेल, किंचाळेल, मिलवाल्यांचा उद्धार करील. तिनं हात धुतले. नळ बंद केला, नीट, पिळून. मग खाटेखालची ट्रंक ओढली आणि आमचे कपडे भरायला लागली. नलू रडायला लागली तर तिला म्हणाली, "गप. रडून काय हुतंय? तुझी पुस्तकं आण." दोन्ही खोल्यांतून केर काढला. केर, अहो! सोडून जायच्या घरातून! मग दाराला कुलूप लावून ट्रंक माने काकूंच्या ओट्यावर ठेवली, नलूला तिथंच बसवलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल." तो सगळा रस्ता ती माझ्या पुढं चालत होती आणि मी सायकल ढकलत मागून पळत होते.

इथं जरा थांबून सांगायला हवं, कारण मला आणि आईला तेव्हा ठाऊक नसलेली एक गोष्ट रपट्यावरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होती. आम्हा देशावरून आलेल्यांना राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. पण बुऱ्हाणपूरच्या कचेरीत हिंदी चालतं, आणि तिथं राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद, म्हणजे तडजोड. नोकरी सोडण्याला तिकडे इस्तिफा म्हणतात. केळीवाले बोलायला मराठी, पण बांधाच्या भांडणांपायी पिढ्यान् पिढ्या त्याच कचेरीच्या पायऱ्या झिजवलेले, त्यांना हा शब्द पाठ. साहेबांच्या हातात होता तो तसला राजीनामा : आमची काही तक्रार नाही, मिल विचार करील, आम्ही उठतो. खाली दोन सह्या लागत होत्या, लोटूभाऊंची आणि अण्णांची. अण्णांनी सही केली की त्यांची नोकरी राहणार होती, घर राहणार होतं. लोटूभाऊ नाही म्हणून बसले होते. अण्णा काहीच म्हणत नव्हते. ते विचारात पडले होते, आमच्यापायी पडले होते, आणि सगळा रपटा त्यांच्या तोंडाकडे बघत बसला होता.

त्यात आई पोचली. बायकांनी वाट दिली. ती सतरंजीच्या कडेला उभी राहिली आणि सगळ्या नाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवं, द्या राजीनामा! त्यांच्या तोंडाकडं काय बघताय? द्या आन् चला!"

इतके दिवस तिच्या हातच्या भाकऱ्या खाल्लेली ती माणसं, तोंडात मारल्यासारखी झाली. भागाबाईनं तिच्याकडे पाहिलं, असं पाहिलं की मला कशाची तरी लाज वाटली, कशाची ते कळेना. अण्णांनी मान वर केली. आईकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांनी साहेबांच्या हातातलं पेन घेतलं.

"देखा? भाभीजी कितनी समझदार हैं!" साहेबांचा जीव भांड्यात पडला होता.

आई चमकली. आपली नोकरी जातेय आणि हा माणूस खूश कशानं? पण ती थांबली नाही. कमरेची किल्ली काढून तिनं त्या कागदावरच आपटली. "ही घ्या. क्वार्टरची. दोन्ही खोल्या झाडून ठेवल्यात. नळ बंद केलाय. उगा पाणी वाया जायाला नको."

"चाबी किसलिए?" साहेब गोंधळले. "राजीनामा हो गया तो आप आराम से रहिए. नौकरी भी आपकी, मकान भी."

"राजीनामा दिल्यावर नोकरी कशी ऱ्हाईल? येडी समजलात व्हय मला?"

अण्णांच्या सहीचं पहिलं अक्षर काढून झालं होतं. लोटूभाऊंनी त्यांचा हात मनगटाला धरला. ते एकदा आईकडे बघत होते, एकदा किल्लीकडे, आणि मग ओरडलेच, "ओ साहेब, थांबा! वैनी नोकरी सोडाचं म्हनू राहिली! इस्तिफा! घर खाली करून आली हे बाई!"

आधी कुणीतरी हसलं. मग सगळा रपटा हसला, म्हातारे गुडघ्यावर थापा मारून हसले, आणि हसता हसता बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, कारण सगळा घोळ माझाच होता. आई मात्र मधोमध तशीच उभी. लोटूभाऊंनी तिला समजावून सांगितलं, इकडच्या राजीनाम्याचा अर्थ काय, कागदात काय लिहिलंय, सही केली तर काय आणि नाही केली तर काय. तिनं सगळं ऐकून घेतलं. किल्ली अजून कागदावर पडलेली होती. हात लांब केला की उचलता आली असती.

"मग ह्यो कागूद आमचा न्हाई," ती म्हणाली. "साहेब, तुमचा राजीनामा तुम्हाला ऱ्हाऊ दे. आमचा आमी लिहून देतो." आणि अण्णांना म्हणाली, "लिवा."

अण्णांनी तोच कागद उलटा केला. त्याच्या कोऱ्या बाजूवर, मांडीवर धरून, मराठीत तीन ओळी लिहिल्या. आता पूर्ण सही केली. साहेब म्हणत होते, "अरे, मुझे क्यों दे रहे हैं? मैं मिलवाला थोड़े ही हूँ!" पण त्यांचं ऐकतंय कोण? भागाबाई पुढं आली, आईच्या दंडाला धरून तिनं तिला आपल्याशेजारी खाली बसवलं आणि आपल्या लोट्यातलं पाणी दिलं. आई गटागटा प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माने काकू रपट्यावर आल्या. भाकरीचं फडकं नव्हतं, मुठीत किल्ली होती. ती त्यांनी अण्णांच्या पुढं ठेवली आणि बसल्या. त्यांच्यामागून आमच्या लाइनीतल्या आणखी काही, दुपारपर्यंत पलीकडच्या लाइनीतल्या. नवऱ्यांना न विचारता आलेल्या होत्या त्यांत, आणि नवऱ्यांनीच पाठवलेल्याही. सगळ्या आल्या नाहीत, स्टोअरकीपरची बायको तर खिडकीही उघडेना. पण किल्ल्यांचा तो छोटासा ढीग बघायला बुऱ्हाणपूरहून माणसं आली, पेपरवाले आले, शनवाऱ्याच्या एका हलवायानं मावा जलेबीचं भांडं धाडलं. ज्या मिलमध्ये कामाला यायला माणूस उरणार नाही ती चालवायची कशी, हा हिशेब मिलवाल्यांना केळीच्या पानापेक्षा लवकर समजला. त्यांनी टाक्या बांधल्या. त्या भरून निवळायला लागेपर्यंत ते चाक साखळदंडानं बांधून ठेवलं, आणि साखळदंडाला कुलूप घालायला लोटूभाऊंना बोलावलं. नाल्यातून काही गंगाजळ वाहायला लागलं असं नाही. पण केळीचे नवे मुनवे, म्हणजे कोंब, लावले ते जगले, त्यांची पानं हिरवी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अण्णांचा राजीनामा मात्र मिलनं फार तत्परतेनं मंजूर केला. बाकीच्यांच्या किल्ल्या परत दिल्या, आमची ठेवून घेतली. आम्ही शनवाऱ्याला एका खोलीत आलो, नळ अंगणात, सहा बिऱ्हाडांत एक. अण्णा बागाईतदारांचे पंप दुरुस्त करत फिरायला लागले आणि मरेपर्यंत फिरले. आईनं पुन्हा हंडा उचलला. तिला पाण्याच्या रांगेत उभी बघून माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं, कारण त्या दुपारी दारातून ओरडले होते ते मीच. ती कधी त्याबद्दल बोलली नाही. बाकी लोक पुष्कळ बोलले. दापोऱ्याकडच्या लग्नांत तिला नेऊन पहिल्या रांगेत बसवायचे आणि नव्या सुनांना सांगायचे, हीच ती किल्लीवाली वैनी. ती कानकोंडी व्हायची.

तिच्या शेवटच्या वर्षात ती माझ्याकडे होती. एका दुपारी लसूण सोलत बसलो होतो दोघी, आणि इतकी वर्षं मनात राहिलेलं मी विचारून टाकलं. "आई, राजीनाम्याचा तिथला अर्थ तुला आधीच ठाऊक असता, तर?"

तिचे हात थांबले नाहीत. "तर म्हटलं असतं, मुकाट्यानं सही करा आन् घरला चला."

एवढी किल्लीवाली वैनी! "अगं, पण लोटूभाऊंनी सांगितला की तुला अर्थ. सगळं कळलं होतं तुला तेव्हा. किल्ली समोर होती. मग उचलली का नाहीस?"

आता मात्र तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या, टरफलं हातानं गोळा केली, आणि एवढं कसं कळत नाही या पोरीला, अशा नजरेनं माझ्याकडे बघून म्हणाली, "भागाबाई बघत हुती की माझ्याकडं."